तांबड्याच्या पलीकडचा उजेड



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. तास संपवून मी वर्गाबाहेर पडलो, तर नांदेडकडच्या एका खेड्यातून आलेला विद्यार्थी दाराशी थांबला होता. हातात वर्तमानपत्राचा कागद. त्यात एक सूचना छापली होती. हैदराबादहून मोठाले फुगे आकाशात सोडले जाणार आहेत, त्यांना टांगलेल्या शास्त्रीय उपकरणांच्या पेट्या रंगीत हवाई छत्रीने खाली उतरतील, आणि त्या ज्या जिल्ह्यांत पडण्याचा संभव आहे त्यांत नांदेड आणि लातूर यांचीही नावे होती. पोरगा म्हणाला, ‘‘सर, घरी यावरून वाद पेटलाय. आमचे आजोबा म्हणतात, असली पेटी शिवारात पडली तर हात लावायचा नाही. चुलते म्हणतात, फोडून बघू, आत तांबं-पितळ तरी निघेल. त्या पेटीत असतं तरी काय?’’

मी इतिहास शिकवणारा माणूस. पदार्थविज्ञान हा माझा प्रांत नव्हे. पण प्रश्न मनात घर करून राहिला. विज्ञान शाखेतल्या सहकारी मित्रांना विचारत, ग्रंथालयात जुनी पुस्तके चाळत मी त्याचा माग काढला. तेव्हा असे दिसले की त्या पेटीची कथा सव्वादोनशे वर्षांची आहे. ती इंग्लंडात सुरू होते, आपल्या मराठी मुलखातून दोनदा जाते, आणि कधी कधी तुमच्या-आमच्या तुरीच्या रानात येऊन उतरते. तीच कथा आज सांगणार आहे.

सारेच फुगे एका कामाचे नसतात. कुणी विश्वकिरण मोजायला जातो, कुणी हवेची तपासणी करायला. परंतु मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून सोडलेल्या काही फुग्यांना एक मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण टांगलेली असे. ही दुर्बीण जो उजेड पाही, तो आपल्या डोळ्यांना मुळीच दिसत नाही. त्याला शास्त्रज्ञ ‘अवरक्त’ म्हणतात. रक्त म्हणजे तांबडा, त्याच्या खालचा, अलीकडचा की पलीकडचा ते आपल्या बघण्यावर. आपण त्याला तांबड्याच्या पलीकडचा उजेड म्हणू.

हा उजेड प्रथम सापडला तो १८०० साली. विल्यम हर्शेल नावाचे एक गृहस्थ होते. मूळचे जर्मनीतल्या हॅनोव्हरचे, धंद्याने संगीतकार, पुढे इंग्लंडात जाऊन दुर्बिणी घडवू लागले आणि १७८१ साली युरेनस ग्रह शोधून जगप्रसिद्ध झाले. सूर्याकडे पाहण्यासाठी ते रंगीत काचा वापरीत. त्यांच्या ध्यानात आले की काही काचांतून उजेड कमी येतो पण डोळ्याला ऊब फार लागते, आणि काहींतून उजेड भरपूर येऊनही ऊब लागत नाही. मग कोणता रंग किती तापवतो? त्यांनी लोलकातून उन्हाची तिरीप नेली, टेबलावर इंद्रधनुष्याचा पट्टा पाडला आणि एकेका रंगात उष्णतामापक ठेवला. जांभळ्यापेक्षा हिरव्यात पारा अधिक चढला, हिरव्यापेक्षा तांबड्यात अधिक. मग त्यांनी उष्णतामापक तांबड्याच्याही बाहेर, जिथे काहीच रंग दिसत नव्हता अशा जागी ठेवला. तिथे तो सर्वांत अधिक चढला! जिथे डोळ्याला अंधार, तिथेच ऊब जास्त. म्हणजे पट्टा तांबड्यापाशी संपत नाही, आपली नजर तिथे संपते.

शिक्षक मित्रहो, हा प्रयोग शाळेत करण्याजोगा आहे. एक लोलक, एक पुठ्ठ्याचे खोके, काजळी फासलेल्या फुग्याचे तीन उष्णतामापक आणि दुपारचे ऊन, एवढे पुरे. फक्त मुलांना सूर्याकडे थेट पाहू देऊ नका.

हर्शेल यांचे पुत्र जॉन हर्शेल हेही मोठे शास्त्रज्ञ. त्यांनी १८४० साली या अदृश्य उजेडाचे चित्रच काढले. कसे, तर कागदाला काजळी लावली, तो मद्यार्काने भिजवला आणि त्यावर सूर्याचा वर्णपट पाडला. आपण अंगण सारवतो तेव्हा उन्हाचा कवडसा जिथे पडेल तिथले अंगण आधी वाळते आणि फिकट दिसू लागते. तसेच त्या कागदाचे झाले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काही दिसत नव्हते, तिथलाही कागद वाळून पट्टा उमटला. त्यात मधेमधे ओल्या जागाही राहिल्या होत्या. म्हणजे या उजेडाचा पट्टा सलग नाही, मधला काही भाग कुणीतरी वाटेत गिळतो. तो गिळणारा म्हणजे मुख्यतः आपल्या हवेतली पाण्याची वाफ, हे आज आपण जाणतो. ही वाफेची गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे कामी येईल.

आता तिसरी पिढी, आणि आपला मुलूख. विल्यम हर्शेल यांचे नातू, त्यांचेही नाव जॉन, हे लष्करी अभियंते होते आणि हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणी खात्यात काम करीत. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याची सावली आपल्या दक्षिणेतून जाणार होती. या नातवाने मुक्काम टाकला तो जमखंडीला. जमखंडी आज कर्नाटकात आहे, पण तेव्हा ते पटवर्धनांचे संस्थान होते. लंडनच्या रॉयल सोसायटीने पाठवलेला वर्णपटदर्शक त्यांच्यापाशी होता. दिवस श्रावणाचे, आभाळ भरलेले. ग्रहण लागले तरी ढग हटेनात. अखेर ढगांच्या फटीतून थोडा वेळ मिळाला. तेवढ्यात त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांकडे यंत्र रोखले आणि तीन लखलखीत रेषा पाहिल्या, एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. सलग पट्टा नसून सुट्या रेषा, याचा अर्थ त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत. त्याच दिवशी गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आणि इंग्रज अधिकारी टेनंट यांनीही असेच पाहिले.

ती नारिंगी रेषा सोडियमची, म्हणजे आपल्या मिठातल्या मूलद्रव्याची असावी, असे हर्शेल यांनी मानले. पण २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडात नॉर्मन लॉकयर यांनी ग्रहण नसताना त्याच ज्वाळांचा वर्णपट घेतला. पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर नाही, जराशी बाजूला आहे, हे बारकाईने मोजल्यावर कळले. पृथ्वीवरच्या कोणत्याच माहीत असलेल्या पदार्थाची ती रेषा नव्हती. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात मूलद्रव्याला ‘हेलियम’ म्हटले गेले. ते पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडले. विल्यम रॅम्से यांनी ते एका खनिजातून काढले.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, विशेषतः शिक्षकांनी. कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून चौथरे दाखवतात आणि १८६८ साली लॉकयर यांनी तेथून हेलियम शोधला असे सांगतात. कित्येक पुस्तकांतही तसे छापलेले असते. पण १८६८ साली लॉकयर इंग्लंडातच होते. ते विजयदुर्गला आले ते ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. चौथऱ्यांचा मान त्यामुळे कमी होत नाही. जे घडले ते तारखेसह नीट सांगावे, एवढीच इतिहासाची मागणी असते.

त्याच १८९८ च्या ग्रहणाला आपला एक माणूसही मांडव घालून बसला होता. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात वेधशाळा उभी राहिली, ती चालवणारे हेच. लातूरहून रेल्वेने पुण्याला निघालात की कुर्डुवाडीच्या पुढे जेऊर स्टेशन लागते. त्या जेऊरला त्यांनी तळ दिला आणि वर्णपटदर्शक लावून सूर्याच्या प्रभामंडळाचे वेध घेतले. पुढे या ग्रहणाचा अहवाल त्यांनी ग्रंथरूपाने छापला. गाडी जेऊरला थांबली तर मुलांना हे अवश्य सांगा.

तर, आजोबांनी अदृश्य उजेड शोधला, बापाने त्याचे चित्र काढले, नातवाने जमखंडीला उजेडातल्या रेषा वाचल्या. या तीन पिढ्यांच्या कामाची गाठ पुढे पडली ती हेलियममुळे. तीही फार मौजेची हकिकत आहे.

तांबड्याच्या पलीकडचा उजेड ओळखायची मोठी अडचण काय, ते आधी पाहू. डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तांबड्याच्या पलीकडे ती वाढत जाते. तीन मायक्रॉन, दहा मायक्रॉन, शंभर मायक्रॉन. गंमत अशी की सामान्य तपमानाची प्रत्येक वस्तू हा उजेड स्वतःच टाकत असते, आणि तो दहा मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त असतो. तुमचे शरीर, गोठ्यातली म्हैस, घराची भिंत, एवढेच काय, तो उजेड पाहायला बसवलेले यंत्रसुद्धा! हातात पेटलेली गॅसबत्ती धरून कुणी काजवा शोधायला निघाला तर त्याला काजवा दिसेल का? यंत्राचे तसेच होते. स्वतःच्याच उजेडाने ते दिपून जाते.

उपाय सरळ होता. बत्ती विझवायची, म्हणजे यंत्र थंड करायचे. किती थंड? जितके करता येईल तितके. १९०८ साली हॉलंडमधल्या लायडन येथे कामरलिंग ओन्नेस यांनी हेलियम वायूचे द्रव केले. त्याचे तपमान शून्याखाली सुमारे २६९ अंश. यापेक्षा थंड द्रव निसर्गात दुसरा नाही. आणि १९६१ साली अमेरिकेत फ्रँक लो यांनी द्रवरूप हेलियमच्या थंडाव्यात ठेवलेला जर्मेनियमचा उष्णताग्राहक तयार केला. तो इतका हळवा की दूरच्या ताऱ्यांची ऊब त्याला जाणवू लागली. बघा, नातवाने जमखंडीला ज्याची रेषा पाहिली पण ओळखली नाही, त्याच हेलियमने आजोबांच्या उजेडाला डोळा दिला!

हैदराबादच्या फुग्यातल्या दुर्बिणीतही असेच द्रव हेलियमने थंड केलेले ग्राहक बसवलेले होते. आता फुगा कशाला, असे विचाराल. ती वाफेची गोष्ट आठवा. हवेतली वाफ हा उजेड वाटेतच गिळते, जमिनीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून वाफेच्या वर जायला हवे. पातळ प्लास्टिकचा, हायड्रोजनने भरलेला, ५० ते ८५ मीटर व्यासाचा फुगा ३० किलोमीटरच्याही वर जातो. तिथे निम्म्याहून अधिक नव्हे, जवळजवळ सारीच हवा खाली राहिलेली असते. काही तास निरीक्षण होते, वारा फुग्याला वाहून नेतो, मग संकेत देऊन दोर तोडतात आणि पेटी छत्रीने खाली येते. हैदराबादहून नांदेड काय नि लातूर काय, पक्ष्याच्या वाटेने सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. म्हणून त्या सूचनेत आपली नावे.

या दुर्बिणीला जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने एक वर्णपटदर्शक जोडण्यात आला. त्याच्या पहिल्याच उड्डाणात मृग नक्षत्राच्या बाणाखाली जो धुरकट तेजोमेघ आहे, त्याचा नकाशा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. हा नकाशा १५८ मायक्रॉन तरंगलांबीच्या एका रेषेचा होता, आणि ती रेषा कार्बनची. चुलीतल्या कोळशात जो कार्बन, तुमच्या-आमच्या देहात जो कार्बन, तोच तिथे नवे तारे घडणाऱ्या मेघात विखुरलेला आहे. मृगाची वाट शेतकरी पावसासाठी पाहतो. त्याच मृगातल्या मेघाची मोजदाद करून आलेली पेटी त्याच्या बांधावर उतरू शकते.

शेतकरी बंधूंनो, हा नकाशा साध्या छायाचित्रासारखा नसतो. गावचा नकाशा तुम्ही तलाठ्याकडे पाहिला असेल. त्यात गटांच्या नुसत्या हद्दी असतात. पण त्या प्रत्येक गटाचा वेगळा सातबारा असतो, मालक कोण, पीक कोणते, विहीर आहे का, बोजा किती. साधे छायाचित्र म्हणजे नुसता गावनकाशा. आणि ज्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा संपूर्ण वर्णपट जोडलेला असतो, ते म्हणजे प्रत्येक गटाच्या सातबाऱ्यासकट नकाशा. अशा चित्राला आज हायपरस्पेक्ट्रल प्रतिमा म्हणतात. २२ जुलै २०१९ ला निघालेल्या चांद्रयान-२ वर असेच एक भारतीय यंत्र आहे. ०.८ ते ५ मायक्रॉनपर्यंतचा उजेड ते सुमारे २५० पट्ट्यांत वाटते. चंद्राच्या मातीतली पाण्याची खूण त्याने टिपली.

आता हा सातबारा वाचता येतो कसा? तीन मायक्रॉनपासून पुढच्या टप्प्याला मध्य-अवरक्त म्हणतात. पदार्थाचे रेणू सतत थरथरत असतात, आणि ज्याची जशी थरथर त्याप्रमाणे तो ठरावीक तरंगलांबीचा उजेड गिळतो. पाण्याची जागा वेगळी, स्निग्धांशाची वेगळी, प्रथिनांची वेगळी. अमेरिकेतल्या विल्यम कोब्लेंट्झ यांनी १९०५ साली शंभराहून अधिक पदार्थांचे असे पट मोजून छापले आणि ही जणू पदार्थांच्या अंगठ्यांची वही तयार झाली. मोठ्या दुग्धशाळांच्या प्रयोगशाळेत दुधातले स्निग्धांश आणि प्रथिने याच उजेडाने मोजतात.

असा गुणाचा उजेड, पण पाहायचा तर थंड यंत्र हवे, आणि थंड यंत्र खर्चाचे. खेड्यातल्या दवाखान्यात द्रव हेलियम कोण पुरवणार? इथे दुसरी वाट सुरू होते. योगायोग असा की तीही १९६१ सालीच सुरू झाली.

यंत्र थंड करण्याऐवजी उजेडाचाच रंग बदलून टाकला तर? न दिसणारा उजेड दिसणारा करून घेतला, तर साध्या कॅमेऱ्यानेही भागेल. पण उजेडाचा रंग असा बदलत नाही. दोन बॅटऱ्यांचे झोत एकमेकांना छेदून गेले तरी कुणाच्या रंगात काही फरक पडत नाही. १९६० साली लेसर आला आणि हे चित्र पालटले. लेसरचा झोत इतका तीव्र की काही स्फटिकांत शिरला की तिथले अणू नेहमीची शिस्त सोडून देतात. १९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सोबत्यांनी माणकाच्या लेसरचा तांबडा झोत क्वार्ट्झ स्फटिकातून नेला. पलीकडे त्या तांबड्याबरोबर बरोबर निम्म्या तरंगलांबीचा नवा उजेड निघाला. तो इतका क्षीण होता की छायाचित्रात एक बारीकसा ठिपका उमटला. आणि तो निबंध नियतकालिकात छापताना तो ठिपका डाग समजून पुसून टाकण्यात आला! ज्या ठिपक्यासाठी निबंध, तोच गायब. डाग कोणता आणि शोध कोणता, हे ओळखणे शहाण्यांनाही सोपे नसते.

या किमयेला अरेषीय वारंवारता-परिवर्तन असे भारदस्त नाव आहे. पण तत्त्व सोपे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लहान पोराला गर्दीतून पालखी दिसत नाही. चुलता त्याला खांद्यावर घेतो. चुलत्याची उंची आणि पोराची उंची यांची बेरीज झाली, की पोर साऱ्यांच्या वर. अवरक्त उजेडाचा कण हा त्या पोरासारखा, त्याची शक्ती थोडी. लेसरचा कण चुलता. स्फटिकात दोघे एकत्र आले की दोघांच्या शक्तीची बेरीज असलेला एकच नवा कण बाहेर पडतो. समजा तीन मायक्रॉनचा अवरक्त उजेड आहे आणि १.०६४ मायक्रॉनचा लेसर आहे. बेरीज केली तर नवा उजेड ०.७८५ मायक्रॉनचा निघतो. तो तांबड्याच्या अगदी काठावर असतो आणि साधा कॅमेरा तो सहज टिपतो. टीव्हीच्या रिमोटचा झोत डोळ्याला दिसत नाही, पण मोबाइलमधून पाहिला तर पुष्कळदा चमकताना दिसतो, तो असाच काठावरचा उजेड.

१९६८ साली, म्हणजे जमखंडीच्या ग्रहणाला नेमकी १०० वर्षे झाली तेव्हा, जॉन मिडविंटर यांनी लिथियम नायोबेट या स्फटिकातून १.६ मायक्रॉनचे अख्खे चित्र दृश्य उजेडात आणून दाखवले. तत्त्व सिद्ध झाले, पण हाती येणारा उजेड फारच थोडा. कारण स्फटिकात तीनही उजेड वेगवेगळ्या वेगाने चालतात आणि त्यांचा ताल चुकतो. कवायतीत मुलाचा पाय चुकला की तो एक जादा पाऊल टाकून ताल परत धरतो, ‘कदम बदल’ म्हणतात ना, तसे पुढे स्फटिकातच करण्यात आले. स्फटिकाची आतली रचना दर काही मायक्रॉनवर उलटसुलट केली, म्हणजे ताल चुकायच्या बेतात आला की पुन्हा जुळतो. शिवाय लेसर सुधारले. मग २०१२ साली डेन्मार्कमधल्या डाम, टिडेमंड-लिख्टनबर्ग आणि पेडरसन यांनी या रीतीने, कोणताही अतिशीत ग्राहक न वापरता, मध्य-अवरक्त उजेडाचे एकेक कण मोजता येतील इतकी हळवी चित्रे घेतली. २०१९ मध्ये डेन्मार्कच्याच प्रयोगशाळेतून याच तत्त्वावर अशी हायपरस्पेक्ट्रल चित्रे चलच्चित्राच्या वेगाने घेतल्याचे वृत्त आले. त्यात अन्ननलिकेच्या निरोगी आणि कर्करोगी ऊतींचे काप तपासले होते. रंग न चढवता, रसायन न टाकता, नुसत्या उजेडाने रोगट भाग वेगळा ओळखता यावा, असा त्यामागचा हेतू आहे.

हे अजून प्रयोगशाळेतले काम आहे. उद्या तालुक्याच्या दवाखान्यात असे यंत्र येईल, असे आश्वासन मी देणार नाही. शिवाय फुग्यातल्या त्या दुर्बिणीत ही रंग बदलण्याची युक्ती नव्हती. तिचा १५८ मायक्रॉनचा उजेड फारच लांब तरंगांचा, त्याला थंडीचीच वाट. पण दोन्ही वाटा निघतात त्या एकाच टेबलावरून, जिथे १८०० साली कुणीतरी तांबड्याच्या बाहेर, अंधारात, एक उष्णतामापक ठेवला.

आता त्या पोराच्या घरच्या वादाकडे वळू. आजोबा खरे की चुलता? मी त्याला म्हटले, ‘‘आजोबा जिंकले, पण चुलत्याचा प्रश्न वाईट नव्हता.’’ आत काय आहे, असे वाटणे ही जिज्ञासाच. हर्शेलनाही तेच वाटले होते. फक्त उत्तर कोयत्याने मिळत नाही. पेटीतले तांबे-पितळ मोडीत शेर-दोन शेर भरेल, पण आत घडवलेला आरसा, ग्राहक आणि नोंदी यांत कित्येक माणसांची वर्षे गेलेली असतात, आणि दुरुस्त करून तीच पेटी पुन्हा उडवायची असते. शिवाय काही यंत्रांत विजेचा दाब मोठा असतो, हात लावणे जिवावर बेतू शकते. म्हणून अशी पेटी आढळली तर तिच्याजवळ एखादा जाणता माणूस बसवा, पोरांना नि जनावरांना दूर ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. पेटीवर पत्ता आणि दूरध्वनी लिहिलेला असतो, तिथेही कळवता येते. पेटी जशीच्या तशी राखली तर सांभाळणाऱ्याला योग्य ते बक्षीस आणि खर्च देण्याची रीत आहे. मोडतोड केली तर ते मिळत नाही.

जमखंडीच्या ढगांत नातवाला दोन-चार क्षण मिळाले, फ्रँकेनचा ठिपका पुसला गेला तरी काम थांबले नाही, मिडविंटरचे चित्र उजळायला ४० हून अधिक वर्षे लागली. या साखळीत संगीतकार आहे, लष्करी अधिकारी आहे, पुण्याचा प्राध्यापक आहे, जपानी नि डॅनिश संशोधक आहेत. रात्री शेतात उतरलेल्या पेटीशेजारी घोंगडी पांघरून राखण करणारा शेतकरीही तिचीच एक कडी असतो. त्याचे नाव निबंधात छापले जात नाही, पण तो नसता तर मृगातल्या त्या मेघाचा हिशेब शिवारातच विखरून गेला असता.

सुट्टीनंतर तो विद्यार्थी परत आला. म्हणाला, ‘‘सर, आमच्याकडं काही पडलं नाही. पण चुलते आता रात्री आखाड्यावर झोपताना मृगाच्या बाणाखाली तो धुरकट ठिपका शोधत बसतात.’’

तुम्हीही शोधा. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री तो साध्या डोळ्यांनी दिसतो. जे दिसत नाही, ते त्याच्याही पलीकडे आहे.